दुपारचा राऊटर

"दिवा कुठल्या रंगाचा लागलाय, तेवढं सांग," दीपंकर फोनवर ओरडला.

"लागलाच न्हाई रं," निपाणीहून त्याची आई सुलाबाई म्हणाली.

"प्लग काढ. थोडं थांब. परत लाव."

सुलाबाई थोडी थांबली.

"आता?"

"आता बी न्हाई."

दीपंकर बेळगावच्या आपल्या ऑफिसच्या जिन्यात उभा होता आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होता. हाताखालची माणसं एकमेकांकडे बघत होती. त्याला पर्वा नव्हती. वडील गेल्यापासून आई निपाणीत एकटी राहत होती आणि बेळगावला यायचं नाव काढत नव्हती. घरात पडली आणि कुणाला कळलंच नाही तर, या एका भीतीने त्याने तिकडे वायफाय घेतलं. बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, कॅमेरा बसवला. मोबाईल उघडला की आई दिसायची. तेवढ्यावर त्याचं चाललं होतं. पण अलीकडे रोज दुपारी राऊटर मान टाकायचा आणि मोबाईलवर नुसता काळा चौकोन उरायचा.

मायलेकांत हल्ली दुसरं बोलणंच राहिलं नव्हतं. जेवलीस का, हेही विचारायचं राहून जायचं. हिरवा की लाल, एवढंच.

त्याने वायफायवाल्या विक्रमला फोन लावला आणि त्याची बिनपाण्याने केली.

"सायेब, राऊटर बदलला, वायर नवी वढली," विक्रम म्हणाला. "शेजारच्या घरात बघा, झकास चालू हाय. मी आनि काय करू?"

"काय करू म्हणजे? माझी आई तिथं एकटी असते. तिचं काही बरंवाईट झालं तर तू जबाबदारी घेणार?"

दीपंकरचा पारा आणखी चढला. त्याने फोन आपटला, रजा टाकली आणि गाडी काढली.

संकेश्वर मागे पडेपर्यंत त्याने विक्रमला, विक्रमच्या मालकाला आणि हे वायफाय ज्याने शोधून काढलं त्याला मनातल्या मनात शिव्या घालून घेतल्या. तवंदीचा घाट उतरताना आईची पाळी आली. बेळगावात तिच्यासाठी वेगळी खोली होती, दाराशी डॉक्टर होता. तरी ही हट्टाने तिथे राहते आणि जीव आपला टांगणीला. पुरे झालं. आज राऊटर अंगणात फेकायचा आणि आईला गाडीत बसवून न्यायचं. तिने कितीही नाही म्हटलं तरी न्यायचं. त्याने ठरवून टाकलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता.

त्याने दार ढकललं. गल्लीतल्या बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. कुणी पाय पसरले होते, कुणाचा पदर खाली पडला होता. खोलीभर तंबाखूचा वास होता. सुलाबाई मधे बसून कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होती. राऊटर फळीवर होता. त्याची वायर प्लगमधून काढून नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली होती.

बायकांनी घाईने पदर सावरले. दीपंकर वायरीकडे बघत राहिला.

"तू बंद करतेस?"

"व्हय," सुलाबाई म्हणाली.

दीपंकर ओरडला. "मी तिकडं येड्यासारखा जिन्यात बोंबलतोय. त्या विक्रमला रोज नाही नाही ते बोलतोय. आणि तू इथं बायका जमवून मजेत बसलीस? दिवा लागत नाही म्हणून मला खुशाल सांगतेस?"

"न्हवताच की लागला. खोटं कुठं बोललो?"

शेजारच्या जयाबाई सूप उचलत म्हणाल्या, "तिला बोलू नगंस, बाबा. आमीच बंद कर म्हंतो. त्या क्यामेऱ्याम्होरं पाय पसरून बसवत न्हाई. तू हापिसात बसून बगणार, आनि बगताना शेजारी कोन असंल काय म्हाईत."

"मग बसू नका," दीपंकर म्हणाला. कधी नव्हे तो जयाबाईंना असं बोलला. "हे चालूच राहणार. उद्या ही पडली तर मला कळायला नको?"

त्याने खिळ्यावरची वायर ओढली आणि प्लगकडे हात नेला. सुलाबाईने उठून त्याचा हात धरला. तिच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. वापरून वापरून त्याच्या कडा मळल्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"पडलो हुतो."

"कुठं?"

"हितंच. ह्या खोलीत."

"कधी?"

"झालं की, मागल्या म्हैन्यात. दुपारची येळ. उठायलाच येईना. लई हाका मारल्या. ही जयाबाई ताकाला म्हणून आली, तिनं उचललं, दवाखान्यात नेलं. तवापास्नं ह्या रोज दुपारी आपली कामं घिऊन हितं येत्यात. मी एकटी नगं म्हणून."

दीपंकर हादरला. पण राग अजून अंगातून उतरला नव्हता, आणि त्या रागाला एकदम वाट सापडली.

"बघितलंस? याच्यासाठीच मी घसा फोडून सांगतोय. तू असा बंद करून ठेवतेस म्हणूनच मला दिसलं नाही. चालू असता तर मी तासाभरात इथं आलो असतो. आलो असतो की नाही? सांग ना."

बायका खाली बघू लागल्या. सुलाबाईने त्याच्या हातातली वायर हळूच काढून घेतली.

"बंद मी नंतर कराय लागलो, दीपू," ती म्हणाली. "पडलो तवा त्यो चालूच हुता."