फिकट फोल्डर

“फिकट दिसत्यात ना, ते सिस्टीमचे फोल्डर. आधी लपलेले हुते, आता दिसायला लागले. त्यांला हात लावायचा न्हाय,” कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या शिवप्पानं अवजारांची पिशवी खांद्याला अडकवत बजावलं. “एक उडवला की आख्खं मशीन बसंल.”

परंड्याच्या स्टँडसमोरच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात सकाळपासून जुनी विंडोज काढून नवीन टाकण्याचा सोहळा चालला होता. तो एकदाचा आटोपला आणि शिवप्पा गेला. हात लावू नका म्हटल्यावर दुकानमालक रणधीरचा हात आधी तिकडंच गेला, हे सांगायला नकोच.

फिकट फोल्डरांची नावं सगळी इंग्रजी आणि आडवीतिडवी होती. शेवटच्याचं नाव मात्र मराठीत होतं, नुसतं ‘सिस्टीम’. विंडोजला मराठीचा एवढा पुळका कधीपासून, असं म्हणत त्यानं तो उघडला.

आत एकच बॅनर होता. भावपूर्ण श्रद्धांजली.

असले बॅनर तो रोजच करायचा. मागं ढग, कोपऱ्यात समई, खाली शोकाकुल मंडळी. पण मधोमध हार घातलेला फोटो त्याचाच होता. कै. रणधीर हिंमतराव. फाइल काल संध्याकाळी केलेली. आणि मृत्यूची तारीख आजची.

काल सकाळी टपरीवर चहा पिताना कावळा त्याच्या डोक्याला पंख मारून गेला होता. मरणाची खूण म्हणून टपरीवरली माणसं चपापली, हा मात्र हसला. घरीसुद्धा त्यानं ते हसतच सांगितलं. असल्या गोष्टींना भिणारा तो गडी नव्हता. पण कावळा काही बॅनर करत नाही. हे माणसाचं काम होतं.

आणि दुकानाच्या मशीनवर माणसं दोनच बसायची. एक तो. दुसरी त्याची बायको, शिवकन्या. ती दाराच्या पायरीवर पाठमोरी उभी राहून फोन लावत होती. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. लावायची, ऐकायची, कापायची.

“कुणाला लावतीस गं?”

ती दचकली. “वन्संला. सोलापूरला छाती दाखवून आल्या न्हवं त्या, म्हणलं इचारावं कसं हाय.”

अयोध्याताई त्याची थोरली बहीण, बेंबळीला दिलेली. त्याला कडेवर घेऊन वाढवलं ते तिनंच.

“मग बोल की.”

“उचलंनात.”

“काल संध्याकाळी या मशीनवर कोण बसलं हुतं?”

“मीच. तुमी शेताकडं गेला हुता न्हवं?” तिनं आत येऊन थर्मासमधला चहा ओतला आणि त्याच्यापुढं ठेवला. “घ्या. सकाळपासनं पोटात काय न्हाय तुमच्या.”

लग्न झाल्यापासून तिच्या हातचा चहा तो न बघता ढोसत आला होता. आज पहिल्यांदा त्यानं कपात वाकून पाहिलं.

कुणाला बोलवावं तर मोबाइल घरी. निघताना आईनं, तुळजाबाईंनी, तो त्याच्या हातातून काढून घेतला होता. ‘राहू दे आजच्या दिस चार्जिंगला.’ म्हणजे आईसुद्धा? पळावं तर दाराच्या वाटेवर शिवकन्या उभी होती.

शेवटी त्यानं स्क्रीन तिच्याकडं फिरवली. “हे काय हाय?”

तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. “दिसतंय व्हय आता ते? म्या तर लपवून ठिवलं हुतं.”

“मारायला उठलीस व्हय मला?”

“अवो, वाचवायला!” तिला रडूच फुटलं. “कावळा शिवला तुमाला. तुमच्या आई म्हणल्या, जिवाभावाच्या माणसाला खोटीच बातमी द्यायची. ते माणूस रडलं की मरण टळतं. मग लगीच खरं सांगायचं. ज्याचं त्याला कळू द्यायचं नसतं. वन्संएवढी माया दुसऱ्या कुणाची हाय तुमच्यावर? पर नुसत्या सांगण्यावर त्यांचा इस्वास बसला नसता. म्हणून बॅनर केला अन् सकाळी त्यांच्या मोबाइलवर धाडला.”

रणधीरला असं हसू सुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. बायकोबद्दल काय काय मनात आणलं, याची त्याला लाज वाटली. गार झालेला चहा त्यानं एका दमात संपवला.

“येडी का खुळी गं तू! अन् ताईला खरं कधी सांगणार?”

“तेच तर सांगायला फोन लावतीय सकाळपासनं. शिवप्पा आला, त्या गडबडीत जरा उशीर झाला. तवापासनं कुणी उचलतच न्हाय.”

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. ताईचाच नंबर. रणधीरनं तो हिसकावूनच घेतला. ताईनं आज शिव्यांची लाखोली वाहिली असती, तरी त्याला गोड लागली असती.

“ताई, रडू नगंस! जिता हाय म्या, ठणठणीत!”

पलीकडं ताई नव्हती, दाजी होते. त्यांच्या मागं बायकांचा आकांत चालला होता.

“रणधीर? तू बोलतोस?” दाजींचा आवाज फाटला. “मग माझ्या अयोध्यानं कुणासाठी जीव सोडला रे?”