येताना दोन तास

"लांब किती ते नगं सांगू," अंबुबाई म्हणाली. "तिकडनं निघालीस की किती तासांत येशील, तेवढं सांग."

तिची लेक रचना मोबाईल हातात धरून बसली होती. सिंगापूरच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. आप्पा राजी होते. अडलं होतं ते आईपाशी, आणि आईचं मन मोडून रचना उंबरा ओलांडणारी नव्हती.

अंबुबाईचं माहेर कणकुंबी. तिची आई गेली त्या आषाढात झाड पडून रस्ता बंद झाला होता. निरोप मिळताच सासरहून, कंग्राळीहून, निघालेली अंबुबाई वाटेत जांबोटीला अडकली. पोचली तेव्हा राख निवली होती. तेव्हापासून मैल-कोसांवरचा तिचा विश्वास उडाला. वाट ती तासांतच मोजायची.

"रात्री आठला सिंगापूर सोडलं की दहाला बेंगळूर. तिथनं पुढं घरचीच वाट," रचना म्हणाली.

तिकिटांच्या वेळा तशाच होत्या. पण तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं चालतं, विमान खरं तर साडेचार तास उडतं, हे तिनं सांगितलं नाही.

"आन जाताना?"

"रात्री अकराला बसलं की सकाळी सहाला."

अंबुबाईनं बोटांवर मोजलं. "जायाला सात, यायाला दोन? ह्ये कसं गं?"

रचनानं मोबाईल पालथा ठेवला. "येताना वारा पाठीत असतोय, आई."

अंबुबाईनं मोजायला धरलेली बोटं मिटून घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "बैलं बी घराकडं तोंड झालं की पळत्यातच. जा मग."

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या जयाबाईनं टोचलंच. "तरणी पोर समिंदरापल्याड धाडतीस. काळीज हाय का धोंडा?"

"दोन तासांची वाट हाय. तुझी लेक खानापुरात हाय, ती दिवाळीला तरी येतीय का?"

"दोनच तास? मग रोज जेवायलाच बोलीव की तिला."

बायका हसल्या. अंबुबाईही हसली. दारात उभ्या रचनानं मान खाली घातली. खोटं ती बोलली होती, आणि हसं आईचं होत होतं.

तिनं दोनदा सांगायचं ठरवलं. एकदा आई चटणी कुटत होती, एकदा पिशवीला टाके घालत होती. दोन्ही वेळा शब्द ओठांवरून परतले. सांगावं, तर आई अडवेल. न सांगावं, तर कधी खरंच बोलावणं धाडायची वेळ आली, की आई दोन तासांचा हिशेब धरून दाराकडं डोळे लावून बसेल. आणि त्यानंतर?

निघायच्या दिवशी, बेंगळूरचं विमान पकडायला, सांबऱ्याच्या विमानतळावर आप्पांनी पिशव्या उतरवल्या. दाराच्या आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते. रचनानं आईचा हात धरला. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"आई, ते दोन तासांचं मी तुला…"

अंबुबाईनं तिची ओढणी खांद्यावर नीट केली.

"आत जा आता. आन ऐक, तिथं उतरलीस की पयलं घड्याळ अडीच तास पुढं कर, न्हाईतर पयल्याच दिशी कामावर उशीर हुईल."