मागे ऐकू येतंय ना?

"मागे ऐकू येतंय ना?" व्याख्यानाआधी असं विचारायची प्राध्यापकांची जुनी खोड. उत्तरासाठी ते कधी थांबत नसत.

"येतंय, सर," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

ती रांग तर रिकामी होती. पुढे बसलेल्यांपैकी कुणी मानही वळवली नाही.

माइक बंद करून प्राध्यापक पुटपुटले, "आणि आता?"

"येतंय की. बोला ना."

ते बोलत राहिले. शेवटी टाळ्या वाजल्या, लोक पांगले, सभागृह ओस पडलं. बाहेर पडायचं एकमेव दार त्या शेवटच्या रांगेमागेच होतं.

तोंडातून अवाक्षरही न काढता प्राध्यापकांनी मनाशी ठरवलं, डोळे मिटायचे आणि दाराकडे धूम ठोकायची.

या वेळी आवाज पहिल्या रांगेतून आला.

"हेही ऐकू आलं, सर."