घरची हळद

“पुस्तकातल्या समीकरणांनी तुम्हाला झोप येते ना? मग उद्या प्रत्येकीने घरची हळद आणायची,” खर्डेकर मॅडम म्हणाल्या, आणि एफवायच्या आमच्या वर्गाला पहिल्यांदाच केमिस्ट्रीची ओढ लागली.

रात्री जेवताना मी हे अण्णांना सांगितलं. गावातली मसाल्याची एकुलती एक गिरणी आमची. अण्णांचा घास हातातच राहिला. “दुकानातली पुडी नेऊ नकोस,” ते म्हणाले आणि स्वतः उठून त्यांनी आईच्या डब्यातली चमचाभर हळद मला बांधून दिली. लेकीच्या अभ्यासाची केवढी ही काळजी, असं वाटून मला भरून आलं.

आज वीस जणींच्या वीस परीक्षानळ्या ओळीने उभ्या होत्या. आम्लाचे थेंब पडताच सगळ्या गुलाबी झाल्या. “आता पाणी घाला,” मॅडम म्हणाल्या. “चांगली हळद पुन्हा पिवळी होते. भेसळीचा गुलाबी रंग मात्र जात नाही.”

माझी नळी लगेच पिवळी झाली. मी ऐटीत शेजारी पाहिलं. मृणालची गुलाबीच होती. तिच्या पलीकडचीही. मॅडम एकेक नळी बघत टोकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. बाकीच्या एकोणीसही नळ्या गुलाबीच राहिल्या होत्या.

“अगं, आमच्याकडे तर तुमच्याच गिरणीची हळद येते,” मृणाल म्हणाली. “मग तुम्ही घरी कुठली खाता?”