ताम्हण कॅपिटलचा कौल

मेधा कारखानीस यांनी करारनाम्याचं सातवं पान उलटलं आणि त्या थांबल्या.

"इथे एक सही राहिलीय," त्या म्हणाल्या.

समोर बसलेल्या कौस्तुभने सही केली आणि पेन परत दिलं. शेजारी त्याचा भागीदार पियूष खिडकीतून रिहे गावची भातखाचरं इतक्या आस्थेने न्याहाळत होता, की जणू उद्या लावणी त्यालाच करायची आहे.

सौदा चाळीस कोटींचा होता. मेधाबाईंची मुंबईची कंपनी या दोघांच्या ताम्हण कॅपिटलचा, शेअर घ्यायचे की विकायचे ते सांगणारा प्रोग्रॅम विकत घेत होती, मशीनसकट. बाजार चढो की पडो, या प्रोग्रॅमने पाच वर्षांत त्यांच्या हेज फंडात लोकांनी घातलेले पैसे आठपट केले, अशी त्याची ख्याती. नक्कल ठेवायची नाही, पुन्हा तसला लिहायचा नाही, जन्मभर. अशी अट होती.

आणि पाच वर्षांत त्या प्रोग्रॅमचं एक अक्षरही ताम्हणने ऐकलेलं नव्हतं. हे खोलीतल्या तिघांपैकी फक्त दोघांना ठाऊक होतं.

पुण्याजवळ सूसच्या फ्लॅटमध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा सगळा भरवसा प्रोग्रॅमवरच होता. मग लॉकडाऊनचा मार्च आला. प्रोग्रॅमने मशीनवर हिरवं दाखवलं, म्हणजे घ्या. दोघांनी होतं नव्हतं ते लावलं आणि चार दिवसांत फ्लॅट गेला. नांद्यात भाड्याने राहून पाहिलं, तेही झेपेना. शेवटी रिह्यात कोंडाजी गुरवाचं रिकामं शेतघर स्वस्तात मिळालं.

कोंडाजी टेकडीवरच्या देवीचा पुजारी. लग्न जमेना, म्हैस सापडेना, की माणसं त्याच्याकडे कौल लावायला येत. तो देवीच्या अंगावर दोन सुपाऱ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

एकदा कौस्तुभने अर्धं चेष्टेत, अर्धं रडकुंडीला येऊन विचारलं, "बुवा, बाजाराचं विचारता का देवीला?"

कोंडाजीने बराच वेळ मान खाजवली. "उद्या सांगतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यातून कोंडाजीचा आवाज आला, "उजवा!" दोघांनी उसने आणलेले दोन लाख लावले. संध्याकाळी त्यांचे सव्वादोन झाले होते.

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला कौल. गाभाऱ्यात गुरवाशिवाय कुणी जायचं नाही, म्हणून कौस्तुभ उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा. उजवा आला की घ्यायचं, डावा आला की विकायचं. मशीन शेतघरातल्या ऑफिसात चालू ठेवलं होतं ते मोठ्या गाड्यांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. देवीवर चालणाऱ्या फंडात कोण पैसे घालणार? दोघांनी मात्र त्याच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

"आमच्या लोकांनी तीन महिने तपासलं," मेधाबाई उठता उठता म्हणाल्या. "मशीनने रोज काय सांगितलं आणि तुम्ही काय केलंत. पाच वर्षांत एका दिवसाचाही फरक नाही. एवढी शिस्त मी कुठे पाहिली नाही हो!"

कौस्तुभने नम्र चेहरा केला. मशीन टेम्पोत चढलं. धुरळा खाली बसल्यावर त्याने पियूषच्या पाठीत धपाटा घातला.

"लेका, मशीनच्या पाच वर्षांच्या नोंदी बदलल्यास! मला बोललाही नाहीस!"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं, तूच केलंस."

"छे! मी नाही," कौस्तुभ म्हणाला.

"मग कुणी?" पियूषने विचारलं.

कौस्तुभने टेकडीकडे बघून हात जोडले. "देवी रे, देवी! लेकरांची लाज राखली तिने." आणि दोघे ठसका लागेपर्यंत हसले.

उद्या सव्वानऊला नवा फंड उघडायचा होता. तीनशे कोटींचा. सूस, नांदे, रिह्यात जमिनी विकलेल्या घरांचा पैसा, त्यात कोंडाजीच्या दोन एकरांचाही. फंड बुडाला तर ही घरं बुडाली. पण आता मध्ये मशीन नाही, ढोंग नाही. नुसती देवी.

पेढे घेऊन दोघे कोंडाजीच्या अंगणात शिरले. त्याची सून शुभांगी तांदूळ पाखडत होती. ऑफिस झाडायला रोज सकाळी तीच येई.

"बुवा, तोंड गोड करा. मशीन विकलं!"

"थट्टा करताय व्हय गरिबाची?"

"देवीशप्पथ. टेम्पो घोटावड्याच्या पुढे गेला असेल."

शुभांगीचं सूप थांबलं. तिने सासऱ्याकडे पाहिलं. कोंडाजीचा पेढा हातातच राहिला.

"माघारी आणा," तो म्हणाला.

"का?"

"आणा म्हंतो न्हवं!"

"आता नाही येत. सह्या झाल्या. आणि त्या डब्याचं काय एवढं, बुवा? तुम्ही आहात, देवी आहे. उद्या तीनशे कोटी तिच्या कौलावर!"

कोंडाजीने पेढा ओट्यावर ठेवला. "सायेब, जुगाराचा कौल देवीला लावत न्हाईत. कोप हुतो. आमच्या बापजाद्यांनी कदी लावला न्हाई, मी बी न्हाई लावला."

"काय?" पियूष ओरडला. "मग पाच वर्षं आत काय करत होतात?"

"उदबत्ती लावत हुतो."

"आणि उजवा? डावा?"

कोंडाजीने सुनेकडे बोट केलं. "तुमचं पडल्यालं त्वांड बघवंना, आन भाडं बी सोडवंना. मग ही झाडायला गेली, की बघून यायची. तुमच्या त्या डब्यावर हिरवं दिसलं तर मी उजवा म्हनायचो, लाल दिसलं तर डावा."