नऊ दिवस आधी

फोटोत गाडीचं दार उघडं होतं. पत्रा काढलेला, आतली खिटी दिसत होती, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा माणूस हसत होता. मागे तंबू, बिअरचे मग, लोकरीच्या टोप्या.

रोस्विथा क्राइटमायरने फोटो पालथा घातला. पुन्हा सुलटा केला. सुनावणीला दहा मिनिटं होती.

म्युनिकच्या कार्यालयात पेटंटचे अर्ज तपासण्यात, त्यातही फक्त गाडीच्या दारांच्या खिट्या तपासण्यात, तिची अकरा वर्षं गेली होती. बहुतेक अर्जांत डावीकडचा स्क्रू उजवीकडे गेलेला असे. हा अर्ज तसा नव्हता. खिटी मोटरने उघडायची, पण दार लावताना दर वेळी आत एक स्प्रिंग आवळली जायची. अपघातात बॅटरी मेली, तरी ती स्प्रिंग एकदा खिटी ओढायची. एकदाच. आतला माणूस बाहेर.

असं आधी कुणी केलं नव्हतं. तिने सगळं धुंडाळलं होतं.

मग तीन आठवड्यांपूर्वी एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत एका गावच्या अग्निशमन दलाचं चार पानी पत्रक, वार्षिक मेळाव्याचा हा फोटो, खाली तारीख: तीन मार्च.

कंपनीचा अर्ज बारा मार्चचा.

नऊ दिवस. अर्जाआधी वस्तू चारचौघांत दाखवली की ती नवी राहत नाही. दाखवणारा खुद्द ती शोधणारा असला, तरीही. आणि फोटोतला माणूस तोच होता. कोर्बिनियान हास्लबेक. कंपनीत अडतीस वर्षं, नावावर हा एकच शोध.

कुणीतरी म्हाताऱ्यावर सूड उगवला होता.

*नोंद: सुनावणी नऊ वाजता सुरू. हजर: कंपनीचे वकील डॉ. ओव्हरबेक, संशोधक श्री. हास्लबेक, सेवानिवृत्त.*

*नोंदीत नाही: परीक्षक खुर्चीत दोनदा बसल्या आणि दोनदा उठल्या.*

"मेळावा खासगी होता, फ्राउ क्राइटमायर," ओव्हरबेक म्हणाले. "गावचं दल म्हणजे घरचीच माणसं."

"ते श्री. हास्लबेकना सांगू दे." ती म्हाताऱ्याकडे वळली. "जमलेले सगळे दलाचेच सदस्य होते ना? बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

असा प्रश्न विचारायचा नसतो. उत्तर तिने त्यातच ठेवलं होतं. त्याने फक्त मान हलवायची होती. टेबलाखाली ओव्हरबेकच्या बुटाने त्याला ढोसलंसुद्धा.

हास्लबेकने नीट विचार केला.

"नाही हो. पाद्रीबाबा होते. बँडवाले होते. शेजारच्या गावचेही आले होते. सॉसेज फुकट होतं ना."

"किती जण?"

"तीनशे तरी. पिंपं किती रिकामी झाली त्यावरून सांगतो."

"पण एवढ्या गर्दीत आतलं यंत्र कुणाला काय कळणार?" तिचा आवाज चढला. तिने तो खाली आणला. "लांबून बघून काहीच कळलं नसेल."

"कळलं की. मी समजावून सांगितलं. दोनदा. मागच्यांना ऐकू येत नव्हतं."

ओव्हरबेकनी डोळे मिटले. मग पाच मिनिटं मागून घेतली.

*नोंद: मध्यंतर.*

*नोंदीत नाही:* कॉरिडॉरचं दार पुरतं लागलं नव्हतं. ती खिडकीशी उभी होती, ऐकायचं नाही असं ठरवून.

"अर्जावर सही तुम्ही केलीत. अर्ज कधी जाणार, तुम्हाला ठाऊक. नऊ दिवस गप्प बसवलं नाही तुमच्याच्यानं?"

"जमलं नाही, डॉक्टर."

"वरच्यांना काय सांगू मी? पेटंटची वीस वर्षं ही खिटी फक्त आपल्या सगळ्यांत महागड्या गाडीत बसायची होती. बाकी कुणाला हात लावू द्यायचा नव्हता."

"हो. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग? शाळकरी पोराला कळतं हे."

"म्हातारपण, डॉक्टर."

पाच मिनिटं संपली. तिला आणखी एक फट सापडली होती. घाईघाईने तिने ती उघडली.

"पत्रकात तारीख चुकीची छापली गेली असेल? गावची पत्रकं, चुका होतात. तुम्हाला नक्की आठवतंय?"

"तीनच मार्च," हास्लबेक म्हणाला. "छपाई मीच तपासली होती."

आता विचारण्यासारखं काही उरलं नाही.

*नोंद: वस्तू अर्जाच्या तारखेआधी लोकांना उपलब्ध होती. नवेपणा नाही. अर्ज फेटाळला.*

ओव्हरबेक कुणाशी हात न मिळवता निघून गेले. हास्लबेक कॉरिडॉरमध्ये कोटाची बटणं लावत उभा होता. रोस्विथाला आत बसवेना. ती बाहेर आली.

"मला वाईट वाटतंय. इतकं चांगलं काम अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं मी."

"मग आता ती खिटी कुणाची?"

"कुणाचीच नाही. कुणीही बनवावी."

"अगदी स्वस्तातल्या गाडीतसुद्धा?"

"हो. तुमची कंपनी अडवू शकत नाही."

"कधीच नाही?"

"तो फोटो असेपर्यंत नाही."

त्याने मान डोलावली.

"तीस वर्षं दलात आहे मी," तो म्हणाला. "दारं कापून माणसं काढतो. कधीकधी वेळेवर पोचतो."

त्याने कोटाचं शेवटचं बटण लावलं. ती अस्वस्थपणे बोलून गेली, "नशीब बघा ना. तो मेळावा पंधराच दिवस उशिरा असता, तर पेटंट मिळालं असतं."

"तो दरवर्षी जुलैत असतो, बाई," हास्लबेक म्हणाला. "त्या साली मार्चमध्ये घ्या म्हणून गावाला पटवायला मला तीन बैठका लागल्या."