पायरीवरची लाल रेघ

येलदरी धरणाच्या काठाचा आराखडा गावाला विचारूनच करायचा, असं म्हणत पाटबंधारे खात्याचे साहेब मारुतीच्या देवळात नकाशा पसरून बसले. लिंबाजीच्या मनात पाल चुकचुकली.

"धरणात निम्मी जमीन गेली तवा कुणी इचारलं न्हाई. आता कशाला इचारायलेत?" तो शेजारी बसलेल्या व्यंकटरावाच्या कानात कुजबुजला.

पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात लिंबाजी हरभरा पेरायचा. साहेबांचा डोळा त्या गाळावरच असणार, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही.

"पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं?" साहेबांनी विचारलं.

"थेट देवळाच्या ह्या पायरीला लागतंय सायेब! लय पाणी," लिंबाजीनं ठोकून दिलं. बुडणारी जमीन कोण कशाला घेईल? गावानंही माना डोलावल्या. साहेबांनी पायरीवर लाल रेघ ओढली, चहा घेतला आणि गेले.

महिन्याभरात चावडीवर नोटीस लागली. गाळात पेरायला कुणाची हरकत नव्हती. रेघेखालची घरं मात्र पुराच्या धोक्यामुळं उठवायची होती. पहिलंच घर लिंबाजीचं.

खाली लिहिलं होतं, 'पूररेषा ग्रामस्थांनी स्वतः दाखविल्याप्रमाणे.'